धास्तीची वही

दिवेलागणीला घरात वंगाळ बोलू नये, असं अनुसयाबाईंचं म्हणणं. त्या वेळी घर कान देऊन असतं आणि 'तथास्तु' म्हणून मोकळं होतं. अन् त्यांची बी. ए. झालेली सून नेमकी दिवेलागणीलाच वही घेऊन बसायची.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्या साली सुकन्या गोरेगावात नांदायला आली. बाळंतपणानंतर धास्तीनं तिला घेरलं. लेकरू झोपलं की ती त्याच्या नाकापुढं बोट धरी, जागं असलं की पाळण्याचा दोर ओढून बघी. घास गिळवेना. एक दिवस तिनं मनातलं भ्या कागदावर उतरवलं, तेव्हा कुठं जीव थाऱ्यावर आला. मग रोजचंच झालं. आज भ्या लिहायचं, उद्या त्याच्याखाली खरं काय घडलं ते लिहायचं. ती जेवू लागली.

एका सांजेला वही सासऱ्यांच्या हाती लागली. नामाजी चौथी शिकलेले. अक्षरं जुळवत त्यांनी मोठ्यानं वाचलं, 'दोर तुटेल, बाळ पडेल.' अनुसयाबाईंनी पिठाच्या हातानं वही हिसकावली अन् चुलीकडं वळल्या.

"पोटच्या लेकराचं वाईट लिहिती? काहून गं?"

वही गेली तर आपण पुन्हा त्याच गर्तेत, हे सुकन्याला कळत होतं. कधी उलटून न बोललेली ती चुलीच्या आडवी उभी राहिली.

"जाळा, आत्याबाई. पण आधी खालची ओळ ऐका."

वही घेऊन ती वाचत सुटली. दोर तुटेल, तुटला नाही. शेळी बाळाला तुडवेल. शेळीनं त्याचं टोपडं खाल्लं. ताप डोक्यात जाईल; दात आला. टोपड्यापाशी नामाजी फिसकन हसले. सुकन्याचा आवाज चढतच गेला.

"चाळीस दिवस तुमच्या घराच्या कानाशी लिहिलं मी. एकदाबी तथास्तु म्हणालं न्हाई."

तव्यावरची भाकरी करपली, कुणी उलथली नाही. अनुसयाबाई खाली टेकल्या. त्यांचा प्रभू, सुकन्याचा नवरा, हिंगोलीच्या रस्त्याला जीप चालवायचा.

"पोरगं येईस्तोवर माझ्या नरड्याखाली पाणी उतरत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यानं जीप धरली त्याला सात वरसं झाली. कुणाला सांगू?"

"हिचं लिहायचं तर वही पुरायची न्हाई," नामाजी म्हणाले.

सुकन्यानं कोरं पान काढलं, वर सासूचं नाव घातलं. अनुसयाबाईंनी पदराला हात पुसले अन् शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागल्या.