चौथ्या अध्यायाचा उपास

आमच्या घरी एक नियम आहे. सकाळी चहाच्या आधी बायबलचा एक अध्याय वाचायचा, आणि वाचलं ते दिवस मावळायच्या आत करून दाखवायचं. नियम माझ्या नवऱ्याचा. उमाशंकर जन्मभर एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे छापलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास पहिल्यापासूनच. प्रभूकडे आम्ही आलो त्याला बरीच वर्षं झाली. पण रिटायर झाल्यावर ते जे वाचायला बसले ते असे, की जणू वरून परिपत्रक आलंय आणि अंमल आजपासून.

मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं मी याच पुस्तकावर बोट फिरवत शिकले, म्हणून हळू वाचते आणि मधेमधे थांबते. ते थांबत नाहीत. लूकचं शुभवर्तमान लावलं तेव्हा पहिल्याच अध्यायात देवदूतावर विश्वास न ठेवणारा म्हातारा याजक मुका होतो. तर हे दिवसभर बोलले नाहीत. तो दिवस मला बरा गेला. तिसऱ्या अध्यायात आलं, ज्याच्याकडं दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा. हे नवा स्वेटर चाकूरच्या स्टँडवर एका माणसाच्या अंगात घालून आले आणि संध्याकाळी माझी शाल मागायला लागले. मी हसले होते तेव्हा.

चौथा अध्याय बुधवारी आला. प्रभू रानात चाळीस दिवस उपाशी राहतो, तो.

वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "शिल्पासाठी."

शिल्पा आमची एकुलती एक लेक, नांदेडला दिलेली. तिची आधीची दोन लेकरं सातव्या महिन्याच्या उंबरठ्यावरूनच माघारी गेली. आता तिसऱ्यांदा सहावा संपत आला होता. आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नव्हतो, फक्त फोन वाजला की एकमेकांच्या तोंडाकडं बघत होतो. तर हा उपास होता तिच्यासाठी. चाळीस दिवस, नुसत्या पाण्यावर.

मी काय बोलावं? नको म्हणावं तर लेकीच्या लेकराच्या आड तिची आईच आली. बरं म्हणावं तर नवऱ्याला शुगर. माझं नाव साखराबाई आणि नवऱ्याला शुगर, चाकूरकरांना हसायला एवढं पुष्कळ झालं. पण त्या बुधवारी मला त्यात हसू सापडलं नाही. मी चहाचं पातेलं उतरवलं आणि एकाच कपात ओतला.

गोळ्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही, आणि डॉक्टरांचा शब्दही यांच्या लेखी छापलेलाच. जेवण बंद, गोळी चालू. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाण्याबरोबर. मला उलट बरं वाटलं. म्हटलं, औषध तरी पोटात जातंय.

शुक्रवारी कपडे वाळत घालताना शेजारच्या दिलशादभाभीनं भिंतीवरून विचारलं, भाईसाब का असे सुकले? मी सांगितलं. ती गंमत करणारी बाई, पण गोळीचं ऐकल्यावर तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. तिच्या मालकाला, लालमहंमदभाईंना, आठ-दहा वर्षांपासून शुगर आहे.

"साखराताई, येडं झालात काय? आमच्याकडं मौलवीसाबनीच सांगितलंय, गोळ्यावाल्याला रोजा माफ. जेवल्याबिगर गोळी घेतली की साखर लई खाली जाती. हात कापतेत, घाम सुटतो, माणूस कायबी बरळतो. आन मग उठतच न्हाई."

मी घरात गेले आणि यांना जसंच्या तसं सांगितलं. ते खाटेवर पडून छताकडं बघत होते. आवाज बारीक झाला होता, पण उत्तर तयार होतं.

"त्यांना त्यांच्यात माफ हाय. मला लूकनं कुठं माफ केलंय?"

मी गोळ्यांची पट्टी डब्यामागं लपवली. त्यांनी शोधली. लपवलेली वस्तू शोधण्यात त्यांची हयात गेली. सीटखाली बसलेलं पोर आणि गोणीत कोंबलेली कोंबडी त्यांना लांबून कळायची. पट्टी खिशात घालून ते मला एवढंच म्हणाले की मध्ये येऊ नको, ही माझी आणि त्याची बोली हाय.

त्या "त्याची"ची मला खरी भीती. नवऱ्याशी मी भांडू शकते, वरच्याशी कसं भांडायचं? समजा मी उपास मोडला आणि नांदेडहून फोन आला, की तिसरंही गेलं. मग जन्मभर मी या घरात कुठं बसू? आणि समजा नाही मोडला, आणि हेच गेले. यांच्या थोरल्या भावानं, शिवमूर्तींनी, आम्ही प्रभूकडं आलो तेव्हाच म्हटलं होतं की देव बदलून कोणाचं भलं झालंय. मातीला आलेल्या माणसांना ते पुन्हा तेच सांगतील, आणि मला मान खाली घालून ऐकावं लागेल. बायबल उघडलं की अक्षरं दिसायची, अर्थ पुढं जायचा नाही.

शनिवारी मी रविवारच्या प्रभुभोजनासाठी मनुका उकळायला घातल्या. आमची संगती छोटी, पंधरा-वीस माणसं, आमच्याच पुढच्या खोलीत जमतो. प्रभुभोजनात सगळ्यांना भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस, तो रस मीच करते. काळ्या मनुका उकळायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या आणि चांगली सढळ साखर घालायची, नाहीतर पोरं तोंडं वाकडी करतात. गाळताना माझा हात कापत होता. मी म्हटलं, बघ बाई, हात तर तुझाही कापतोय, तू तर दोन भाकरी खाल्ल्यात.

रविवारी पास्टर शिवप्रसाद लातूरहून मोटारसायकलवर आले. माणूस चांगला, तरणा, कोणाच्याही दुखण्यात धावणारा. यांचा उपास ऐकून त्यांचे डोळेच भरून आले. सगळ्यांसमोर यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, असा एक माणूस संगतीत असला तर तालुका हलेल. यांना पुढं, मेजाजवळ बसवलं. मेजावर माझा रसाचा जग, शेजारी भाकरीचं ताट, वर पांढरा रुमाल.

गाणी सुरू झाली. खंजिरी, टाळ्या. आणि दुसऱ्या गाण्यात हे थरथरायला लागले.

आधी बोटं, मग दंड, मग सगळं अंग. माघाची थंडी असून सदरा पाठीला चिकटला. कपाळावरून घामाच्या धारा. खोलीतली गाणी हळूहळू थांबली. आमच्याकडं असं होतं, प्रार्थनेत अंगावर आत्मा उतरला की माणूस थरथरतो, त्याला घाम येतो, त्याच्या तोंडून वेगळीच भाषा येते. सगळ्यांनी ते पाहिलंय, मीही पाहिलंय आणि खरं मानलंय. म्हणून कोणी हललं नाही. दोघींनी पदर डोक्यावर ओढला.

यांनी तोंड उघडलं. "पुढं सरका," म्हणाले. "पुढं सरका... जागा हाय पुढं."

पास्टरनी डोळे मिटले, हात वर केले. "ऐका. आत्मा बोलून राहिला. संगतीला पुढं सरकायला सांगून राहिला."

हालेलुया, सगळी खोली म्हणाली. कोणी तरी रडायला लागलं.

"कंधार," हे म्हणाले. डोळे उघडे, पण आत कोणी नाही. "कंधारवाले... दाराजवळ या."

पास्टर म्हणाले, कंधारात दार उघडणार आहे.

आणि मला कळलं. हा आवाज मी ओळखत होते. लग्नानंतर पहिल्यांदा यांच्या गाडीत बसले होते ती कंधारचीच गाडी, आणि तेव्हा असंच, याच सुरात, नवीन बायकोकडं न बघता ते ओरडले होते. हा माणूस आता गाडीत होता. ड्युटीवर.

कळलं, तरी मी उठले नाही. खोटं कशाला सांगू. कारण पास्टरनीच एकदा शिकवलं होतं, सगळ्या पापांना माफी आहे, पण पवित्र आत्म्याची निंदा केली तर त्याला माफी नाही. इथंही नाही, तिथंही नाही. समजा हा आत्माच असला तर? आत्म्यानं कंडक्टरच्या तोंडून बोलायचं म्हटलं, तर कंडक्टरचेच शब्द नाही का वापरणार? आणि मी सगळ्यांसमोर उठून म्हणणार, हा आत्मा नाही, ही साखर आहे. आणि तिकडं नांदेडला माझी पोरगी कूस धरून बसलेली.

यांची मान एका बाजूला कलली. ओठ हलत होते, शब्द निघत नव्हता. दिलशादभाभीचं शेवटचं वाक्य मला आठवलं, मग उठतच न्हाई.

मी उठले. मेजाजवळ जाईपर्यंत मनात एकच घोकत होते, देवा, चुकत असेन तर मला एकटीला धर. वरचा रुमाल बाजूला केला, जग उचलला. पास्टर हळूच म्हणाले, "बाई, थांबा, अजून आशीर्वाद मागायचाय." मी थांबले नाही. पेले भरायला वेळच नव्हता. यांचं डोकं पोटाशी धरलं, हनुवटी उचलली आणि सगळ्या संगतीचा प्रभुभोजनाचा रस त्यांच्या ओठांना लावला. थोडा तोंडात, बराचसा सदऱ्यावर. गिळा, म्हटलं. अहो, गिळा. त्यांनी एक घोट गिळला. मग दुसरा. त्या रसात किती साखर आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की आणखी दोन मुठी घालायला हव्या होत्या.

माझ्या पाठीवर सगळ्यांची नजर होती, ती मला उन्हासारखी लागत होती. अर्धा जग संपला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत परत कोणी तरी आलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, सदऱ्याकडं पाहिलं.

"कुठवर आली गाडी?" त्यांनी विचारलं.

"घरी," मी म्हटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून पाहिलं आणि ते मलाच रागावले. आणखी थोडा उशीर झाला असता तर इकडं आणायची गरज पडली नसती, म्हणाले. पास्टर बाहेर बाकावर डोकं धरून बसले होते. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "बाई, मलाही क्षणभर शंका आली होती. पण शंका घ्यायची भीती वाटली. म्हणून डोळे मिटून घेतले." मी त्यांना पाणी आणून दिलं.

मला वाटलं, संपलं. पण घरी आल्यावर यांनी पोटभर जेवण केलं, आणि ते जेवण पाहून मी सुखावले ती चूक झाली. हात धुताना ते शांतपणे म्हणाले, "उपास मोडला. आता उद्यापासून पुन्हा पहिला दिवस."

मोडलेलं तिकीट चालत नाही, नवीन काढायचं, एवढंच त्यांच्यासाठी. त्यात ना राग ना रुसवा. रागावले असते तर मी समजूत तरी काढली असती.

सोमवारी सकाळी नववा अध्याय होता. मी मुद्दाम चुलीजवळची जागा सोडून त्यांच्या समोर बसले, मध्ये ताट ठेवलं, ताटात गरम भाकरी आणि वरण. त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि पुस्तक माझ्याकडं दिलं. माझी पाळी होती. मी बोट फिरवत वाचायला लागले. रानात पाच हजार लोक, संध्याकाळ होते, शिष्य म्हणतात यांना पाठवून द्या, आणि प्रभू म्हणतो, तुम्हीच त्यांना खायला द्या.

मी थांबले. ताट पुन्हा त्यांच्यापुढं ओढलं.

"पुढं वाच," ते म्हणाले.

पुढं होतंच. ज्याला माझ्यामागं यायचंय त्यानं स्वतःला नाकारावं आणि दररोज आपला वधस्तंभ उचलावा. एकाच अध्यायात दोन्ही. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि माझ्याकडं असं पाहिलं की बघ, मी काय वेगळं करून राहिलो?

मी त्यांचं बोट उचललं नाही. त्याच्या शेजारी माझं बोट ठेवलं. हळू वाचणाऱ्याला शब्द एकेक दिसतात.

"दररोज म्हटलंय," मी म्हटलं. "म्हणजे उद्याबी. परवाबी. शिल्पाचं लेकरू झाल्यावरबी. दररोज उचलायला माणूस जिता पाहिजे."

बाहेर लालमहंमदभाईंनी मोटारसायकलला किक मारली, ती दोनदा चुकली. यांचे ओठ एकदम पोरासारखे वाकडे झाले.

"आन शिल्पाचं काय झालं तर?"

इतक्या दिवसांत आमच्या दोघांपैकी कोणीतरी ते पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. मला वाटत होतं, म्हटलं की घडेल. मी चुलीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, काही पडलं नाही.

"मलाबी तीच भीती हाय," मी म्हटलं. "रोज हाय. पण उपास मी मोडला. जाब मी देईन. तुम्ही जेवा."

त्यांनी बराच वेळ भाकरीकडं पाहिलं. मग एक तुकडा मोडला, वरणात बुडवला. खाताना डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही, मीही पाहिल्याचं दाखवलं नाही. मी फक्त त्यांच्या गळ्याकडं बघत होते, घास खाली उतरतोय का.

अर्धी भाकरी झाल्यावर त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, तळहातावर ठेवली, आणि जन्मभर दुसऱ्यांना सूचना दिलेल्या माणसानं मला विचारलं, "ही आधी घ्यायची का नंतर?"

"उरलेली भाकरी खा," मी म्हटलं. "मग सांगते."

नांदेडचा फोन सहसा नऊच्या सुमारास येतो. तेवढा वेळ आम्ही दोघं ताटापाशीच बसून राहिलो.