कोंडीबाच्या बाजूचा दांडा

मी हळदीच्या पिंपाचा दांडा बोलतोय. निम्मं आयुष्य माणसाच्या मुठीत गेलं, उरलेलं हवेत चाललंय.

सांगलीजवळ आप्पासोच्या शेडात आम्ही दोन दांडे होतो, पिंपाच्या दोन बाजूंना. आत वाळलेली हळद भरायची आणि दोघांनी पिंप फिरवायचं. घासून घासून हळद पिवळीधमक निघायची. पलीकडे धोंडुबाई, अलीकडे माझ्यावर तिचा नवरा कोंडीबा. मध्ये पिंप, एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. म्हणून ती आधी विचारायची, "आवं, ओढू का?" हा म्हणायचा, "ओढ." न विचारता ओढलं तर समोरच्याची हनुवटी फुटायची.

माझ्यासमोर दोघं म्हातारी झाली. कोंडीबाच्या मुठीतला जोर गेला, नुसता घाम राहिला. तरणी पोरं पलटणीत, नाहीतर पुण्याच्या कंपनीत. हळद घासायला कोण येतंय? पंच्याण्णव साली आप्पासोनं मोटार बसवली. धोंडुबाईचा दांडा काढून तिथं पट्टा आला. मी गंजून बसलेला, निघालोच नाही; पिंपाबरोबर रिकामाच फिरू लागलो. त्याच उन्हाळ्यात कोंडीबा गेला.

पुढच्या हंगामात धोंडुबाईला बटणापाशी बसवलं. काम काय, तर दाबायचं. पण ती आधी माझ्याकडं बघून विचारायची, "आवं, ओढू का?" थांबायची. कधी लवकर दाबायची, कधी लय वेळ लावायची. मी कधी गरकन फिरेन याचा नेम नाही, म्हणून हळद भरणाऱ्या बायका माझ्या बाजूला यायच्या बंद झाल्या.

आप्पासो वैतागला. "मी म्हणतो ओढ."

"तुमाला न्हाई इचारलं."

एक दिवस तो लोखंड कापायची करवत घेऊनच आला. वीज सकाळपासून नव्हती. म्हणाला, "कुणाचं तरी लुगडं अडकंल ह्यात. आज ह्याला कापतो. आन उद्यापास्नं बटण मी दाबीन. तू घरी बस."

"मला बसवा घरी. ह्याला कापलं तर तिकडं कोण हाय म्हणून इचारू?"

धरून कापावं म्हणून आप्पासोनं माझ्या लाकडी मुठीवर हात ठेवला, आणि झटकन मागे घेतला. मूठ गरम होती. ओलीसुद्धा.

करवत त्यानं भिंतीला टेकवली. तिथंच गंजतेय ती. धोंडुबाई अजून बटणापाशी आहे. आप्पासो आता घाई करत नाही, लांब उभा राहतो.

लोकांना वाटतं, तिला उत्तर मी देतो. मी कशाला देऊ? तिनं विचारलं की माझ्यावर एक मूठ आवळते. मगच ती बटण दाबते.

ती मूठ सुटेपर्यंत मला कापू नका.