कुंकवाचा रूळ

वसुबारसेच्या दुपारी निघोजे गावातल्या एका कारखान्याच्या शेडबाहेर एवढी गर्दी झाली होती, की कंपन्यांच्या बसगाड्या हॉर्न वाजवून दमल्या. आत दर्शन चाललं होतं. देवाचं नव्हे, यंत्राचं. लोक चपला काढून, रांग लावून एका लोखंडी रुळाला नमस्कार करत होते, आणि मी त्याच रांगेत उभी राहून जळत होते.

खोटं कशाला बोलू? ही रांग ज्याच्या दारात होती तो निमिष एकेकाळी भोसरीत माझ्या हाताखाली काम शिकला. आता माझी शेडही इथे निघोज्यातच, त्याच्याच गल्लीत, चार दारं पुढे. मी आणि माझा भागीदार सुजित तिथे प्लास्टिकच्या पिशवीवर पातळ लेप बसवतो. हवा आत शिरू नये, खाऊ टिकावा, आणि पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असल्यामुळे वितळवून पुन्हा वापरता यावी, एवढाच आमचा खटाटोप. तीन वर्षं डोकं फोडतोय, पण आमच्या दारात कुत्रं फिरकत नाही. निमिषला मात्र वर्षभरात लेप जमला म्हणे, आणि तोही आमच्याहून सरस. कारण त्याला कवचानंद महाराज लाभले!

खंडेनवमीला आपल्याकडे सगळेच यंत्राची पूजा करतात. यंत्र थांबवायचं, कुंकू लावायचं, हार घालायचा आणि दसऱ्यानंतर हार काढून कामाला लागायचं. निमिषकडे यंदा पूजेला महाराज स्वतः आले. लेप लावणाऱ्या फिरत्या रुळावर त्यांनी कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार गुंडाळला आणि बजावलं, की याला आता कोणी हात लावायचा नाही. मग प्रवचन झालं. हवा म्हणजे वायू, वायू म्हणजे विकार, या रुळावरून जे सरकेल त्याला कवच बसेल आणि विकार दारातूनच परत जाईल. त्याच दिवशी दोन पिशव्यांत पेढे भरून ठेवले होते, एक पिशवी साधी आणि एक कवचाची. त्या आज उघडायच्या होत्या.

उघडल्या. साध्या पिशवीतल्या पेढ्यावर हिरवी बुरशी, कवचाच्या पिशवीतला जसाच्या तसा. बायका गहिवरल्या, मोबाइल वर झाले. मलाही प्रसाद मिळाला. पेढा खरंच ताजा होता, आणि तेच मला खुपत होतं.

माझ्या पुढेच राजगुरुनगरचे पेढेवाले उद्धवराव हात जोडून उभे होते. गेलं वर्षभर ते आमच्या पिशव्या वापरून बघत होते. त्यांची ऑर्डर आली नाही तर दिवाळीनंतर शटर ओढायचं आणि पुन्हा नोकरी शोधायची, हे मी आणि सुजितने ठरवून टाकलं होतं. उद्धवरावांनी मागे वळून मला हळूच सांगितलं, की पिशव्या आता इथूनच घ्यायच्या म्हणतोय. मी म्हणाले, यात काहीतरी काळंबेरं आहे.

"शुभदाताई, राग मानू नका," ते म्हणाले, "पण तुमी जळताय."

रांगेतले लोक हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण माणूस खरं बोलला होता.

तेवढ्यात माझा नंबर आला. दातओठ खात वाकले, आणि डोळे नेमके कुंकवासमोर आले. स्वस्तिक अगदी शाबूत, एक रेघही पुसलेली नव्हती. हार सुकला होता, पण जागचा हलला नव्हता. मी वाकल्या वाकल्याच हसले.

निमिषला विचारलं, मध्ये यंत्र कधी बंद होतं का? तो माइकवरूनच म्हणाला, "एक मिनिटही नाही, ताई. खंडेनवमीपासून दोन्ही शिफ्ट चालू. पिशव्यांचं सगळं प्लास्टिक याच रुळावरून जातं."

"मग हे कुंकू पुसलं कसं नाही?"

रांगेतल्या निम्म्या लोकांनी आयुष्यभर यंत्रं चालवली होती, त्यांना आणखी सांगावं लागलं नाही. इतके दिवस ते ज्याच्या पाया पडत होते, तोच पुरावा होता. पण महाराज तयारीचे गडी. म्हणाले, "हीच तर प्रचिती! कवचाचं प्लास्टिक रुळाला स्पर्श न करता सरकतं." मागून कुणीतरी जयजयकारही केला.

मी म्हणाले, "स्पर्शच नाही, तर लेप लागला कसा?"

उद्धवरावांच्या कपाळाला आठी पडली. मग पिशव्या आल्या कुठनं, असं त्यांनी निमिषला विचारलं. निमिष महाराजांकडे बघायला लागला आणि महाराज छताकडे.

कोपऱ्यात प्रसादाचा शिरा शिजत होता. मी शेगडीवर तवा मागितला. पर्समध्ये माझी पिशवी होतीच. तिचा आणि कवचाच्या पिशवीचा एकेक तुकडा कापून दोन्ही उद्धवरावांपुढे धरले. "हो, मी जळतेय. म्हणूनच माझ्यावर विसंबू नका. तव्याचं काम तुम्हीच करा."

त्यांनी बारीक आचेवर माझा तुकडा टाकला. तो आक्रसला आणि वितळून त्याचा एकच गोळा झाला. मग कवचाचा तुकडा टाकला. त्याची आतली बाजू वितळून चिकट झाली, वरची मात्र वितळेना. उलथन्याने उचलली तर पापडासारखी कडकडली.

मग मी सगळ्यांना समजावून सांगितलं. ही दोन जातींची प्लास्टिकं एकमेकांना चिकटवलेली आहेत. असं प्लास्टिक बाजारात तयार मिळतं, ते हवा चांगली अडवतं, म्हणून पेढा टिकला. त्यात कवच नाही की लेप नाही. फक्त हे दोन थर पुन्हा वेगळे करता येत नाहीत, म्हणून भंगारवालाही ते घेत नाही, आणि नेमकी तीच अडचण सोडवल्याचं निमिष सांगत होता. समोर ठेवलेली साधी पिशवी तर पातळ होती, तिच्यात पेढा नासणारच होता.

महाराज पाणी प्यायला म्हणून उठले ते मागच्या दाराने गेले.

उद्धवरावांनी उलथनं खाली ठेवलं. "ताई, आता खरं सांगा. तुमच्या पिशवीत पेढा एवढा टिकंल का?"

हो म्हणायला जीभ वळवळली. ऑर्डर समोर दिसत होती, सुजितचा चेहरा दिसत होता. मी म्हणाले, "नाही. याच्या निम्माच. उन्हाळ्यात त्याहून कमी."

त्यांनी माझी पिशवी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "माझा पेढा आठवड्यात खपतोय. रिकामी पिशवी न्हाई खपत, ती नदीत जाती. भीमेला पूर आला की माझ्याच दारात येती. तुमच्याच पिशव्या पाठवा."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या सोजराबाई पुढे आल्या, त्यांनी माझ्या पिशवीच्या उरलेल्या तुकड्याला हात लावून कपाळाला लावला आणि विचारलं, की ताई, तुमच्या यंत्राचं दर्शन कधी?

मी त्यांचा हात धरला. "दर्शन नाही, मावशी. मी किती जळकी बाई आहे ते आत्ताच बघितलंत ना? मग माझ्यावर तरी कशाला विश्वास ठेवता? कोणी काही सांगितलं, मी सांगितलं तरी, आधी तवा तापवा."