बाराचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. कॅलिफोर्नियात, सिएरा डोंगराच्या पायथ्याशी, टिंकर्स बार या छोट्या गावातल्या अग्निशमन केंद्राच्या छपरावर माझा मुक्काम आहे. दुपारचे बारा जवळ आले की मला अजूनही धडकी भरते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या एका ओतशाळेत मला पितळेतून ओतलं आणि खेचरांच्या गाडीतून इथल्या सोन्याच्या खाणीवर आणलं. तेव्हा माझ्यात वाफ सोडत. कामाची पाळी सुरू झाली, सुटली, हे मीच सांगायचो. खाणीत अपघात झाला तर मला तोडून तोडून वाजवत. तो आवाज आला की बायका हातातलं काम टाकून खाणीच्या तोंडाशी धावत.

खाण बंद पडल्यावर मला इथे दाबलेल्या हवेच्या टाकीला जोडलं. आग लागली की ओरडायचं, आणि मी ठीक आहे हे कळावं म्हणून रोज बाराला वाजायचं. गावाने माझं हे दुसरंच काम लक्षात ठेवलं. मी वाजलो की ताटं मांडली जात आणि कुत्री माझ्याबरोबर गळा काढत.

त्या दिवशी कोरडा उत्तरेचा वारा सुटला होता. तारा तुटून आग लागू नये म्हणून वीज बंद ठेवली होती, त्यामुळे फोनही मुके होते. केंद्राचे बंब दुसऱ्या खोऱ्यातल्या आगीवर गेले होते. मागे एकटी राहिलेली प्रमुख व्हर्ना ट्रेगियर हिला कड्यावर धूर दिसला. वारा तो वरच्या आळीकडे ढकलत होता. तिथे तिची म्हातारी आई, ओलेटा, राहायची. व्हर्नाने माझी दोरी ओढली. आणि तेव्हा नेमके बारा वाजत होते.

खालच्या वळणावरच्या खानावळीत हार्लन ब्रे म्हणाला, "चला, बारा वाजले. लूपे, माझी खिम्याची पेस्टी आण."

मी थांबलो नाही.

"व्हर्ना दोरीला लटकून झोपली वाटतं!" हार्लन म्हणाला.

"तुझं पोट भरेपर्यंत वाजवत असेल," लूपे म्हणाली. "मग आज संध्याकाळच होईल."

सगळे हसले. दाराबाहेर कुणीच पाहिलं नाही.

वीज नसल्यामुळे टाकी पुन्हा भरत नव्हती. हवेचा दाब उतरत होता, तसा माझा आवाजही. "अरे, बाहेर बघा रे! कुणीतरी बघा!" व्हर्ना पुटपुटत होती. मग तिने दोरी सोडली, श्वास घेतला आणि मला तोडून तोडून वाजवायला लागली.

हार्लनचा घास हातातच राहिला. "हे जेवणाचं नाही. आजोबा सांगायचे तसं वाजतंय. लूपे, सगळ्यांना बाहेर काढ!"

तो गाडी घेऊन वर गेला. ओलेटाचं दार सताड उघडं होतं आणि छपराने पेट घेतला होता. घरात कुणीच नव्हतं. इकडे माझी हवा संपली होती, आणि व्हर्ना रिकामी दोरी धरून उभी होती.

ओलेटा खाणीच्या तोंडाशी सापडली. तो तुटक आवाज ऐकून, लहानपणी आई धावायची तशीच ती धावली होती. तिला पाहून सगळी आळी तिच्यामागे गेली. तिथे सोनं काढून घेण्यासाठी धुतलेल्या दगडांचे ढीग आहेत. त्यांवर गवतसुद्धा उगवत नाही, म्हणून आगीला तिथे खायला काही मिळालं नाही.

"किती उशीर रे हार्लन!" ती धापा टाकत म्हणाली. "खाली कोण अडकलंय?"

वरची आळी जळाली. माणसं वाचली.

मित्रांनो, गावाने आता बाराचा भोंगा बंद केला आहे. ते योग्यच झालं. पण रोज गप्प बसताना मला भीती वाटते: माझी झडप गंजली तर? गळ्यात गांधीलमाश्यांनी घर केलं तर? म्हणून मला साफ करत जा, तपासत जा. आणि मी ओरडलो, तर आधी घड्याळ बघू नका. आधी दार उघडा.