एका विहिरीचे दोन आकडे

काकांनी दोरी सैल सोडली आणि बेलरची लांबट नळी धप्पकन पाण्यात पडली.

"काका, हळू! बादली नाही ती," प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या.

"बावीस वर्षं अशीच टाकतोय. विहिरीने कधी तक्रार केली नाही."

मॅडम हसल्या. विहीर म्हणजे कारखान्याच्या कुंपणाशी जमिनीत खोल उतरवलेला पाइप, पाणी तपासण्यापुरता. काकांनी बेलरमधलं पाणी वरूनच बाटलीत खळखळ ओतलं. मग मॅडमनी छोटा पंप सोडला. पाणी इतकं सावकाश आलं की काकांना जांभई आली. बाटली काठोकाठ भरल्यावर मॅडमनी झाकण लावलं आणि ती उलटी करून आत बुडबुडा नाही ना ते पाहिलं.

"कारखान्यातून या पाण्यात झिरपणारं रसायन स्पिरिटसारखं असतं. पाणी हिंदकळलं की उडून जातं. म्हणून दोन्ही पद्धती ताडून बघायच्यात."

आठवड्याने आकडे आले. मर्यादा पाचाची. बेलरचा आकडा चार, पंपाचा अकरा.

काकांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं.

"म्हणजे माझ्या बाटलीत यायच्या आधीच उडत होतं."

"पद्धतच तशी होती, काका. तुमचा काय दोष? दहा-बारा दिवसांत गल्लीला नोटीस निघेल."

"तोवर गल्ली तेच पिणार."

कुंपणापलीकडच्या गल्लीत घरोघरी विहिरीचंच पाणी, आणि जमिनीखाली ते हेच. काकांचं घरही तिथेच. दरवर्षी लोक विचारायचे आणि ते सांगायचे, बिनधास्त प्या. गेल्या वर्षी बायको लिव्हरच्या आजाराने गेली. कशामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं.

काका तडक गल्लीत गेले. पहिल्याच घरात शिवणकाम करणाऱ्या वहिनी मशीनवर बसल्या होत्या.

"वहिनी, विहिरीचं पाणी आजपासून पिऊ नका. कारखान्याच्या फाटकाशी नगरपालिकेचा नळ आहे, तिथून आणा. माझी तपासणी चुकत होती."

मशीन थांबलं.

"भाऊजी, तुम्हीच सांगायचात ना, चांगलं आहे म्हणून?"

"मीच."

"आणि तुमच्या घरी, ताईंना?"

"तिलाही तेच. माझ्यावर विसंबून ती शेवटपर्यंत तेच प्यायली."

काका दारातच उभे राहिले, काय ऐकावं लागेल ते ऐकायच्या तयारीने. वहिनी उठल्या. भरलेला हंडा त्यांनी मोरीत उपडा केला, पदराला हात पुसले, चपला पायात सरकवल्या.

"शेजारची म्हातारी तोंडाची फटकळ, तिला हे सांगणं तुम्हाला झेपायचं नाही," त्या म्हणाल्या. "चला. तुम्ही नुसते उभे राहा. बोलायचं मी बघते."