चिठ्ठीतले नऊ हजार

रविवारी सकाळी अकरा वाजता सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खिडकीच्या कठड्यावर बसले होते, जिन्यात दाटीने उभे होते आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या भिंतीवर खिळले होते. भिंतीवर प्रोजेक्टरने एक आकडा पाडला होता. सदतीस हजार. तो साडेसदतीस झाला, मग अडतीस झाला. पहिल्या रांगेत बसलेला फोटोवाला रुमालाने मान पुसत होता, कारण लिलाव त्याच्याच स्टुडिओच्या वेबसाइटच्या नावाचा होता. दरवर्षी पैसे भरून करायच्या नूतनीकरणाची तारीख चुकली, नाव सुटलं, कुणीतरी ते लगेच उचललं आणि ऑनलाइन लिलावात काढलं. समोरून बोली लावणारा कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. साइटवर फक्त 'बोलीदार सत्तर' एवढंच दिसायचं. गावाने त्याला मोठा शेठ म्हणायला सुरुवात केली होती, कारण चार महिन्यांत गावातलं एकही नाव त्याने सुखासुखी सोडलं नव्हतं.

सुटलेली नावं लिलावातून घंटेच्या जोरावर परत मिळवून देणारे बोलीमहाराज फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांनी हळूच पितळी घंटा उचलली.

"शेठचा खिसा खोल आहे," ते म्हणाले. "पण खिसा जितका खोल, तितकं त्यात भय जास्त. मी त्या भयाला फक्त जागं करतो. बाकी सर्व्हरची कंपनं बघून घेतात."

घंटा वाजली. आकडा साडेअडतीस हजारांवर आला आणि तिथेच थांबला. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली, भिंतीवर हिरवी पट्टी उमटली आणि हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. फोटोवाल्याची ऐपत होती एकोणचाळीस हजारांची, आणि नाव मिळालं पाचशे कमी देऊन. लोकांनी तोंडात बोटं घातली. वर महाराज एक पैसा घेत नव्हते. फोटोवाल्याने पाकीट पुढे केलं तेव्हा त्यांनी ते दोन बोटांनी मागे सारलं. मला तेव्हाच शंका आली. फुकट काम करणारा माणूस मी आमच्या घरात दादाशिवाय दुसरा पाहिलेला नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासून मला एक खोड लागली आहे. मी बारकाईने बघते आणि बघितलेलं बोलून दाखवते. दादा म्हणतो, दुसरी खोड सोडलीस तर तुला चार मैत्रिणी मिळतील.

दादा बूट शिवतो, पण दुकानात मिळतात तसे नव्हेत. ज्यांचा एक पाय आखूड आहे, टाच वाकडी आहे, त्यांचे. लांबलांबची माणसं कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवतात आणि तो कागद पाठवतात. त्यावरून दादा बूट करतो आणि वहिनी अस्तर शिवते. चौदा वर्षं प्रत्येक बुटाच्या आत, टाचेच्या जागी, त्याने एकच ठसा मारला आहे, तो म्हणजे वेबसाइटचं नाव. बूट झिजला की माणूस आत बघतो आणि त्या नावावर कळवतो. ते नाव दुसऱ्याच्या हाती गेलं, तर हजारभर अपंग माणसं कुठल्यातरी परक्याच्या दारात जाऊन उभी राहतील.

आणि ते गेलं होतं. नूतनीकरणाच्या सूचना माझ्या भाच्याच्या जुन्या ईमेलवर जात होत्या. भाचा नोकरीसाठी दूर गेल्यापासून ती ईमेल कुणी उघडली नव्हती. आता पुढच्या रविवारी लिलाव होता, आणि दादाने त्यासाठी वहिनीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे नव्वद हजार काढायचं ठरवलं होतं.

मी खूप भांडले. वहिनी दुकानात स्टुलावर पाय लांब करून बसली होती. ती म्हणाली, "गुडघा वर्षभर थांबेल. पण ठशावर विसंबून राहिलेली माणसं कुठे जातील?" मग मी महाराजांवर घसरले. दादा म्हणाला की सहा जणांची नावं मिळाली, ती काय उगाच मिळाली?

मग मी त्या सहा जणांकडे गेले आणि प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारल्या. चिठ्ठीवर किती लिहिलं होतं, आणि नाव कितीला मिळालं. फोटोवाल्याचं तर मी पाहिलंच होतं. शिंपीणबाईंनी बावीस लिहिले होते, साडेएकवीसला मिळालं. शिकवणीवाल्या सरांनी साठ लिहिले, साडेएकोणसाठला मिळालं. उरलेल्या तिघांचंही तेच. प्रत्येक जण पाचशे वाचले म्हणून खूश होता. साठवाल्याला बावीसला का नाही मिळालं, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

चिठ्ठीचा विधी असा होता. लिलावाच्या साइटवर आपली शेवटची मर्यादा आधी गुपचूप टाकून ठेवायची, म्हणजे समोरचा वाढवेल तशी साइट आपल्या वतीने पाचशे पाचशेने बोली चढवत राहते. ती मर्यादा दुसऱ्या कुणाला दिसत नाही. मग तोच आकडा महाराजांच्या कागदाच्या गठ्ठ्यावर, त्यांच्याच बॉलपेनने लिहायचा. "दाबून लिहा," महाराज सांगायचे, "श्रद्धा कागदात उतरली पाहिजे." वरचा कागद फाडून सगळ्यांसमोर दिव्यावर जाळायचा. आणि उरलेला गठ्ठा महाराजांचा मेहुणा शुद्ध करायला आतल्या खोलीत न्यायचा.

दाबून लिहा, हे शब्द ऐकले आणि मला आमचा सातवीचा वर्ग आठवला.

शनिवारी संध्याकाळी मी दादाला माझा बेत सांगितला. साइटवर नव्वद हजारच टाक, पण चिठ्ठीवर नऊ हजार लिही. दादा घाबरला. चौदा वर्षांत त्याने गिऱ्हाइकाला कधी खोटं माप सांगितलं नव्हतं, महाराजांना कसं सांगणार?

"दादा, ते खरे असतील तर त्यांना तुझ्या मनातलं कळेल," मी म्हटलं. "मनात नव्वद आहेत, ते नव्वदपर्यंत सांभाळतील. खोटे असतील तर त्यांना फक्त कागदावरचं कळेल. तुझं नुकसान कुठे आहे?"

"आणि कोप झाला त्यांचा?"

"माझ्यावर होऊ दे. मी मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम करते, मला सवय आहे."

वहिनी हसली, आणि ती हसली की दादाचा विरोध संपतो.

रविवारी दादाने मर्यादा टाकली, दाबून चिठ्ठी लिहिली, कागद जळला, गठ्ठा आत गेला. भिंतीवर आकडा चढू लागला. दोन हजार, तीन, साडेचार. शेठ नेहमीसारखा जोरात होता. सात झाले, साडेसात, आठ. दादाने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बोटं पांढरी पडली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही भीती वाटली. माझा अंदाज चुकला असता तर हा आकडा वहिनीच्या गुडघ्यावरून चढत गेला असता.

महाराजांनी घंटा वाजवली. आकडा साडेआठ हजारांवर आला आणि थांबला. हिरवी पट्टी उमटली.

"बघा," महाराज हात पसरून म्हणाले, "गरिबाच्या नऊ हजारांपुढे शेठने शरणागती पत्करली."

टाळ्या वाजायला लागल्या तेवढ्यात मी उठले. दादाचा फोन मी प्रोजेक्टरला जोडला आणि सगळ्यांना वाचायला सांगितलं. दादाची मर्यादा होती नव्वद हजार. शेठला दादाच्या ऐपतीची भीती वाटली असती, तर तो नव्वदच्या आसपास थांबला असता. तो थांबला चिठ्ठीतल्या नऊ हजारांशी. आणि चिठ्ठी तर जळाली होती, मग महाराजांना नऊ कुठून कळले?

फोटोवाल्याला सगळ्यात आधी कळलं. तो उठला आणि त्याने आतल्या खोलीचं दार उघडलं.

आत मोठा शेठ बसला होता. एका मोज्याला भोक, मांडीवर लॅपटॉप, शेजारी अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. तो महाराजांचा मेहुणा होता. त्याच्या बाजूला गठ्ठा होता आणि त्याच्या वरच्या कागदावर पेन्सिल आडवी घासलेली होती. काळ्या छटेतून दादाच्या वळणाचा नऊ पांढरा उठून दिसत होता. सातवीची मुलं पुढच्या बाकावरच्याची उत्तरं अशीच काढतात. मी पकडते आणि मनातल्या मनात छटाकामाला गुणही देते.

लॅपटॉपवर दुसरं पान उघडं होतं. गावातल्या सगळ्या दुकानांच्या वेबसाइटची नावं आणि त्यांच्या नूतनीकरणाच्या तारखा. नाव सुटलं की मेहुणा ते चिल्लर पैशांत घ्यायचा आणि स्वतःच लिलावात काढायचा. मग चिठ्ठीतला आकडा महाराजांच्या फोनवर कळवायचा, शेठ होऊन त्या आकड्याच्या काठापर्यंत बोली चढवायचा आणि घंटा ऐकली की थांबायचा. सगळा पैसा त्याच घरात. शेठचा खिसा खोल का होता, ते आता कळलं. त्यातून कधी काही द्यावंच लागत नव्हतं.

महाराज म्हणाले की हा विरोधकांचा कट आहे. फोटोवाल्याने त्यांना त्यांच्याच फिरत्या खुर्चीत बसवून ठेवलं आणि पोलिसांना फोन केला. लिलावाच्या साइटवरही शिंपीणबाई सोडून दादासह सहा जणांनी तक्रार केली. चौकशी अजून चालू आहे, तिघांचे पैसे परत आलेत. दादाचे साडेआठ हजार यायचे आहेत, पण नाव त्याच्याकडे आहे आणि तो रोज एकदा ते उघडून बघतो.

शिंपीणबाई मला परवा भेटल्या. म्हणाल्या, "अहो बाई, तुमच्या वेळी असेल लबाडी, पण माझ्या वेळी मात्र घंटेनेच थांबला हो." मी त्यांना कागदांचा गठ्ठा दिला, आकडा लिहायला लावला, खालच्या कागदावर पेन्सिल घासली आणि तो वाचून दाखवला. त्यांनी तो कागद हातात घेऊन उजेडात धरला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझा आकडा मीच त्यांना दिला."

माझं सांगणं एवढंच आहे. चमत्कार दिसला तर जरूर थक्क व्हा, पण हात जोडण्याआधी विचारा की हे घडायला कुणाला काय माहीत असावं लागलं आणि ते त्याला कळलं कसं. माणूस पैसे घेत नाही म्हणून तो खरा ठरत नाही. आणि जो तपासू देत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायची आपल्याला काहीच गरज नाही.

वहिनीचं ऑपरेशन झालं. काल ती काठीशिवाय दुकानापर्यंत चालत आली. दादाने ठोकायच्या हातोडीशेजारी भिंतीवर खडूने पुढच्या नूतनीकरणाची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे. वहिनीने ती वाचली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "चौदा वर्षांत एवढा एक खडू वापरला असता, तर महाराजांना यावं तरी लागलं असतं का?"

मी खडू उचलला आणि तारखेखाली एक जाड रेघ ओढली.