मथळ्याखालच्या सहा ओळी

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी एक जुनी लिंक आहे. निळ्या रंगाची, पायाखाली रेघ असलेली, अंगाने लांबलचक. एका गल्लीच्या ग्रुपवर, जुन्या निरोपांच्या ढिगाखाली माझा मुक्काम असतो. पण एक काळ असा होता, की एका दिवसात मला एकोणीस हजार लोकांनी पुढे पाठवलं होतं.

"आजी, या ग्रुपात माणसंच दोनशे साठ आहेत," माझ्या खालची चिमुरडी म्हणते.

ही नवी लिंक. नळाच्या पाण्याची वेळ बदलल्याची बातमी घेऊन काल आली. वर्षातून एकदा मला ढिगातून उपसून वर आणतात, आणि यंदा ही नेमकी माझ्या पायाशी येऊन बसली. बरं, एकोणीस हजार नसतील. एकोणीसशे धरा. आकड्यात अडकलात तर गोष्ट राहून जाईल.

माझा जन्म एका छोट्या साप्ताहिकाच्या कचेरीत झाला. कचेरी म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि पंख्याने उडू नये म्हणून कागदांवर ठेवलेलं एक मोडकं कुलूप. तिथल्या बातमीदार बाईंनी माझ्या पोटात सहा ओळींची एक साधी बातमी घातली. चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचं छत गळत होतं. म्हणून दुकानदारीण बाईंनी जुन्या जागेला कुलूप लावलं आणि चार दुकानं पलीकडे नवी जागा घेतली. एवढंच. बातमीदार बाईंनी मथळाही प्रामाणिक दिला होता: 'गळक्या छतामुळे जुन्या जागेला टाळे, चष्म्याचे दुकान चार दुकाने पलीकडे'. पण तो एका ओळीत मावेना. संपादकांनी पुढून थोडा छाटला, मागून थोडा छाटला, आणि माझ्या कपाळावर उरलं ते असं: 'चष्म्याच्या दुकानाला टाळे'.

खोटं त्यात काहीच नव्हतं. मित्रांनो, अर्धं खरं हे खोट्याच्या मावशीचं पोर. चेहरामोहरा अगदी घरच्यासारखा.

आता त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनची ओळख करून देते. सगळे त्यांना करेक्शनकाका म्हणत. चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लोकांच्या चुका शोधून शोधून त्यांची मान एका बाजूला जराशी कलली होती. ग्रुपच्या माथ्यावर त्यांनी स्वतः एक नियम लावून ठेवला होता: 'वाचल्याशिवाय पुढे पाठवू नये.' कुणी ऐकीव काही टाकलं, की काका विचारायचे, "शेवटपर्यंत वाचलंत का?" आणि टाकणारा गपगुमान ते काढून घ्यायचा.

मी त्यांच्या फोनवर पोचले तेव्हा त्यांनी मला हातभर लांब धरलं होतं. लिंकला जग कसं दिसतं, ठाऊक आहे? फोन टेबलावर उताणा असला की छत दिसतं, आणि हातात असला की हनुवटी आणि नाकपुड्या. मी भल्याभल्यांना खालून पाहिलं आहे. काकांचे डोळे बारीक झाले, हनुवटी वर गेली, फोन अजून लांब गेला. माझ्या कपाळावरची मोठी अक्षरं त्यांना कशीबशी लागली. पोटातली बारीक अक्षरं त्यांच्यासाठी मुंग्यांची रांग होती.

कारण काका परवाच आपल्या चष्म्यावर बसले होते. दांडी मोडली होती, आणि चष्मा दुरुस्तीला त्याच दुकानात पडून होता.

हे ग्रुपला सांगायला हरकत नव्हती. पण ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका धरल्या, तो 'मला दिसत नाही' असं लिहील होय? त्यांनी मला ग्रुपवर ठेवलं आणि अंदाजाने बोटं चालवत वर लिहिलं, 'अत्यंत दुःखद. विश्वासाचे एक ठिकाण गेले.'

झालं. काकांनी टाकलंय म्हणजे वाचूनच टाकलंय, असं म्हणून कुणी मला उघडलं नाही. बँकेतून निवृत्त झालेले साहेब म्हणाले, 'टाळं उगाच लागत नाही.' इस्त्रीवाला म्हणाला, 'मला आधीच शंका होती.' रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवणाऱ्या सुप्रभात मावशींनी लिहिलं, 'माझ्या नणंदेला तिथूनच नंबर काढून दिला होता, तेव्हापासून तिचं डोकं दुखतं.' त्यावर कुणीतरी म्हणालं, 'काचाच साध्या लावत असतील.' तासाभरात 'असतील' गेलं आणि 'लावत होत्या' आलं.

संध्याकाळपर्यंत माझ्याखाली दोनशे चौदा कमेंट जमल्या. हा आकडा मात्र खरा आहे, मोजून घ्या. आणि मला उघडलं किती जणांनी? तिघांनी. एकाचा अंगठा चुकून लागला. दुसऱ्या होत्या त्याच बातमीदार बाई, मथळ्याचं काय झालं ते बघायला. आणि तिसरी खुद्द दुकानदारीण.

तिला सगळे चष्मेवाली ताई म्हणत. फ्रेम वाकवायच्या आधी ती गरम वाळूच्या डब्यात धरावी लागते, त्यामुळे तिच्या अंगठ्यावर भाजल्याचा एक गुळगुळीत डाग होता. त्या अंगठ्याने तिने मला हळूच उघडलं, सहाही ओळी वाचल्या, आणि मग खालच्या कमेंट वाचायला घेतल्या. अंगठा एकेका नावापाशी थांबायचा. यातल्या निम्म्या लोकांच्या नाकावर तिनेच चष्मा बसवला होता.

तिने ग्रुपवर एकच ओळ लिहिली: 'दुकान चालू आहे, पलीकडे आले आहे, या.' तिच्या खाली लगेच उत्तर आलं, 'बिचारी आता दुसरं काय म्हणणार.' त्यावर अकरा अंगठे उठले. पुढच्या दहा मिनिटांत ती ओळ तीस कमेंटच्या खाली गाडली गेली.

नवी जागा छान होती. पांढरा रंग, कोरडं छत. आणि एका खणात एकतीस तयार चष्मे, प्रत्येक कागदी पाकिटात, वर नाव घालून. न्यायला कुणी येईना. टाळं लागलेल्या दुकानात आपला चष्मा अडकला, असं जो तो घरी बसून हळहळत होता. तीन दिवस ताई रोज सकाळी आरसा पुसायची, वाळू तापवायची, आणि संध्याकाळी वाळू तशीच गार व्हायची. चौथ्या दिवशी तिने भावाला फोन लावला. मी तिच्या कानाशीच होते, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकला.

"दादा, शनिवारपर्यंत बघते. नाहीतर येते तुझ्याकडे. तुझ्या दुकानात बसेन काउंटरला."

"अगं, पण तुझं दुकान?"

"दुकानाचं काय, लोकांनी बंदच केलंय. मला फक्त कुलूप लावायचं बाकी आहे."

तिचा आवाज चढला नाही, रडवेला झाला नाही. मित्रांनो, मला शरमेने लाल व्हावंसं वाटलं. पण लिंक एकदाच रंग बदलते, कुणीतरी उघडल्यावर. त्या तिघांपलीकडे मला उघडायला कुणी तयार नव्हतं.

इकडे काकांची वेगळीच पंचाईत. चष्मा टाळ्यात, टाळं कधी निघणार ठाऊक नाही, आणि घरात काकूंना कळू द्यायचं नाही. सकाळी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ते नेमाने पानं उलटायचे. मधूनच 'हं' म्हणायचे, मधूनच मान हलवायचे. शनिवारी सकाळी त्यांना वाटलं, रोज नुसतं 'हं' बरं दिसत नाही, आज जरा हसावं. म्हणून ते मोठ्याने हसले.

काकू समोर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"अहो, एवढं हसायला काय झालं?"

"आहे एक गंमत."

"निधनवार्तेत?"

काकांनी पान खाली केलं. काकूंनी शेंगांची परात बाजूला सारली.

"चष्मा कुठाय?"

"दुरुस्तीला दिलाय."

"मग आणा की."

"दुकानाला टाळं लागलंय. सगळ्या गल्लीला माहीत आहे. ग्रुपवर आलंय."

"ग्रुपवर कुणी टाकलं?"

काकांनी खिडकीकडे पाहिलं.

"मी."

"वाचून टाकलंत?"

"मथळा वाचला."

"आणि खालचं?"

"खालचं बारीक आहे," काका म्हणाले, लहान मुलाने बोलावं तसं.

काकूंनी हात पदराला पुसले, फोन घेतला आणि मला उघडलं. त्या क्षणी माझ्या अंगावर किती उजेड पडला म्हणून सांगू! त्यांनी एक एक ओळ मोठ्याने वाचली, वाचनमाला वाचावी तशी, सावकाश. गळकं छत. चार दुकानं पलीकडे. आणि शेवटची ओळ: 'ग्राहकांनी आपले तयार चष्मे नव्या जागेतून घेऊन जावेत, असे दुकानदारांनी कळवले आहे.'

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "छापखान्यात मी नव्या पोरांना सांगायचो, मथळ्यातली चूक सगळ्यांत शेवटी सापडते. मोठी अक्षरं कुणी तपासतच नाही."

"मग आता तुम्ही स्वतःला सांगा," काकू म्हणाल्या. "आणि चपला घाला. बाराला दुकान मिटतं."

दोघं पोचले तेव्हा ताई एकतीस पाकिटं एका खोक्यात रचत होती. काउंटरवर नवं कुलूप ठेवलं होतं, किल्लीसकट.

"काका, वाट चुकलात का?" तिने विचारलं. टोमणा होता, पण धार नव्हती.

"चुकलोच," काका म्हणाले. "पाच दिवसांपूर्वी चुकलो. ते टाळं मीच लावलं, ताई. न वाचता."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मग खोक्यातून त्यांचं पाकीट काढलं, चष्मा वाळूत धरला, दांडी किंचित वाकवली आणि त्यांच्या कानामागे बसवली.

"आता वाचा," ती म्हणाली, आणि आपला फोन त्यांच्या हातात दिला. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा.

काकांनी सगळ्या वाचल्या. एकही गाळली नाही. चाळीस वर्षांची सवय. आणि मला खालून त्यांची हनुवटी दिसत होती. प्रत्येक कमेंटगणिक ती जराशी खाली झुकत होती.

मग तिथेच स्टुलावर बसून त्यांनी लिहिलं: 'चूक माझी आहे. मी मथळा वाचला, बातमी वाचली नाही. चष्मा मोडला होता, हे सांगायची लाज वाटली. दुकान चालू आहे. मी आत्ता त्यातच बसलो आहे. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून ताईंबद्दल काही लिहिलं, त्यांनी ते खोडावं. मी माझं खोडणार नाही. ते तसंच राहू दे, लोकांना दिसायला.'

ग्रुपवर पाऊण तास कुणी बोललं नाही. हा त्या ग्रुपचा आजवरचा विक्रम आहे. मग दुकानाच्या पायरीवर चपला वाजल्या. बँकेचे साहेब आले, म्हणाले, "इकडूनच चाललो होतो." इस्त्रीवाला आला, तोही इकडूनच चालला होता. सुप्रभात मावशी नणंदेला घेऊन आल्या. ताईने तिचा नंबर पुन्हा तपासला, तो बरोबरच निघाला. डोकं मावशींच्या पहाटेच्या फोनमुळे दुखत होतं, असं नणंद सगळ्यांसमोर म्हणाली. 'चुकलं' असं तोंडाने कुणीच म्हणालं नाही. पण दोन वाजेपर्यंत खोकं रिकामं झालं. ताईने ते कुलूप काकांना दिलं. "हे तुमच्याकडे ठेवा," म्हणाली, "लावायच्या आधी मला विचारा." आजही ते काकांच्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

त्याच रात्री काकांनी नियम बदलला. आता या ग्रुपवर बातमी टाकायची, तर तिची शेवटची ओळ सोबत लिहायची. कमेंट करायची, तरी शेवटची ओळ आधी लिहायची. आणि नव्या माणसांना कळावं म्हणून दरवर्षी मला वर आणून ठेवायचं, माझ्या दोनशे चौदा कमेंटसकट. ज्यांनी खोडल्या त्यांच्या जागी 'खोडले आहे' असं दिसतं. ते वाचायला जास्त वाईट वाटतं.

मित्रांनो, आता माझं वय झालं. ते साप्ताहिकही बंद पडलं, कधीतरी मला उघडाल तर आत फक्त पांढरं पान मिळेल. म्हणून आत्ताच विनवते. आमच्यासारखी एखादी तुमच्या दारी आली, तर नुसतं कपाळ बघून तिला पुढच्या दारी हाकलू नका. आत बोलवा, तिच्या सहा ओळी ऐका. तिच्या पोटात कुणाचंतरी दुकान असतं. या गल्लीने हे शिकून घेतलं. त्या दिवसापासून या ग्रुपवर एकाही माणसाने, छातीवर हात ठेवून सांगते, एकाही माणसाने शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कमेंट केलेली नाही.

"आजी, हे खोटं आहे," नळाच्या पाण्याची चिमुरडी म्हणाली.

"खोटं कसं? तुझ्याखाली बघ की. प्रत्येकाने शेवटची ओळ लिहिली आहे."

"लिहिली आहे. त्र्याहत्तर जणांनी. पण उघडलं मला एकानेच. बाकीच्यांनी त्याची ओळ उतरवून घेतली."

मी तिच्याखालच्या ओळी पुन्हा पाहिल्या. मग विचारलं, "तो एक कोण होता?"

"नाव नाही माहीत. हनुवटीच दिसली. मान एका बाजूला कलली होती, आणि शेजारी कुणीतरी शेंगा सोलत होतं."